मारबत जाते, पीडा कां राहते?

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीं नागपुरांत मारबतीची मिरवणूक निघते. बांबूच्या कामट्या, कागद आणि कापड यांच्या केलेल्या दोन अवाढव्य बाहुल्या, एक काळी व एक पिवळी, इतवारी व महालाच्या रस्त्यांतून वाजतगाजत जातात. लोक ओरडून त्यांना सांगतात कीं रोगराई, इडापिडा, जें काय वाईट असेल तें सारें बरोबर घेऊन जा. शेवटीं शहराबाहेर नेऊन त्यांना अग्नि देतात. पूर्व विदर्भाच्या खेड्यांतहि त्या सकाळीं पळसाच्या फांद्या शिवेबाहेर टाकून खोकल्यापासून ढेकणांपर्यंत सर्वांना निरोप देण्याची चाल आहे. काळी मारबत सन १८८१ पासून व पिवळी सन १८८५ पासून निघते असें शहरांतील लोक सांगत आले आहेत. पिवळीची परंपरा तऱ्हाणे तेली समाजानें चालविली.

ह्या सणाविषयीं दोन तऱ्हेचे लोक दोन तऱ्हांनीं बोलतात. शिकलेसवरलेल्यांपैकीं कित्येक म्हणतात कीं हा अडाण्यांचा धिंगाणा आहे. दुसरे म्हणतात कीं बापजाद्यांचें आहे, त्यावर बोलूं नये. आम्हांस हीं दोन्ही मतें मान्य नाहींत. जी गोष्ट कष्टकरी लोकांनीं आपल्या वर्गणीनें व आपल्या हातानें सवाशें वर्षांहून अधिक काळ चालविली ती हंसण्यावारी नेण्याजोगी नाहीं; आणि जी आपली आहे तिची तपासणीहि आपणच केली पाहिजे. घरचें जनावर आजारी पडलें तर त्याला आपण हातानें चांचपून पाहतों, शेजाऱ्याच्या शिव्यांवरून त्याची पारख करीत नाहीं.

ह्या तपासणीसाठीं आधीं जरा दूरच्या मुलखांत जाऊं. अमेरिका खंडाच्या मध्यभागीं, आजच्या मेक्सिकोचा दक्षिण भाग, ग्वातेमाला व बेलीझ येथें माया नांवाचे लोक राहतात. ही पोथींतली माया समजूं नका. हीं हाडामांसाचीं माणसें आहेत, व त्यांच्या भाषा बोलणारे लाखों लोक आजहि तेथें नांदत आहेत. हजार-दीड हजार वर्षांपूर्वीं त्यांच्या पूर्वजांनीं दगडांचीं मोठमोठीं देवळें व नगरें उभारिलीं. त्यांचें मुख्य पीक मका. देवांनीं मक्याच्या पिठापासून माणूस घडविला अशी त्यांच्यांतील किचे लोकांची कथा आहे. आमच्या शेतांतला मका त्याच बाजूचा, आणि भिवापूरच्या ज्या मिरचीचा ठसका आम्ही अभिमानानें सांगतों ती मिरचीहि मूळची तिकडचीच. पोर्तुगीजांच्या गलबतांतून ती ह्या देशांत आली. तेव्हां त्या लोकांशीं आमचें नातें ताटांतलें आहे.

माया लोकांचा महिना वीस दिवसांचा. असे अठरा महिने झाले कीं ३६० दिवस होत. राहिलेले पांच दिवस कोणत्याच महिन्यांत बसत नसत. त्यांस वायेब म्हणत, व ते फार अशुभ मानीत. त्या दिवसांत लोक केंस विंचरीत नसत, अंग धूत नसत, जड काम करीत नसत. केलें तर कांहीं तरी अरिष्ट येईल ही भीति. ह्याच सुमारास ते पीडेची एक मातीची पोकळ मूर्ति करीत. तिचा रंग वर्षागणिक ठरलेला असे: एका वर्षीं पिवळा, मग तांबडा, मग पांढरा, मग काळा. ती मूर्ति काठीवर चढवून नाचतगाजत गांवच्या प्रमुखाच्या घरीं नेत, तिच्यापुढें नैवेद्य ठेवीत, पक्ष्याची मान छाटीत, आणि कित्येक भाविक आपल्या कानांतून रक्त काढून वाहत. पांच दिवस सरले कीं ती मूर्ति गांवाबाहेर टाकून देत. हें सर्व दिएगो द लांदा नांवाच्या स्पॅनिश पाद्र्यानें सन १५६६ च्या सुमारास लिहून ठेविलें आहे.

वाचकहो, काळी आणि पिवळी तेथेंहि होती! नागपूरच्या तेल्यानें त्या देशाचें नांव ऐकलें नव्हतें, आणि त्या देशच्या शेतकऱ्यानें नागपूरचें. कोणीं कोणाचें उचललें नाहीं. मग एकच गोष्ट दोघांस कां सुचली? आमचें उत्तर असें आहे. ज्याचें पोट पावसावर आहे आणि ज्याच्या घरीं वैद्य येत नाहीं, त्याला न दिसणाऱ्या संकटाशीं झुंजावें लागतें. न दिसणाऱ्याशीं झुंजतां येत नाहीं, म्हणून तो त्याला माती देतो, रंग देतो, नांव देतो. नांव दिलें कीं बोट दाखवितां येतें, आणि बोट दाखवितां आलें कीं चारचौघांस मिळून त्याला हांकलतां येतें. पोळा येतो तोहि अशाच वेळीं. पेरणी-निंदणी आटोपलेली, हातांत पैसा नाहीं, घरांत ओल, पाणी गढूळ, लेकरांना ताप. अशा दिवसांत गांव एकत्र येऊन ओरडलें तर त्यांत लाज वाटण्यासारखें काय आहे?

पण माया लोकांकडून दुसरीहि एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. शुभ दिवस कोणता व अशुभ कोणता हें मोजणें त्यांच्या पुरोहितांच्या हातीं होतें. लिहिणें-वाचणें पुरोहितांच्या व सरदारांच्या घरांत कोंडलेलें होतें. मका पिकविणाऱ्यानें भ्यावें व नैवेद्य आणावा, एवढाच त्याचा वांटा. पुढें सन १५६२ सालीं मानी गांवीं ह्याच लांदानें, सैतानाचें लिखाण म्हणून, त्यांच्या पोथ्यांची होळी केली. आज त्या काळच्या पोथ्यांपैकीं जगांत चारच शिल्लक आहेत. आग लावणाऱ्याचा अपराध घोरच. परंतु विद्या चार घरांत कोंडून ठेविली म्हणजे ती एका आगींत नाहींशी होते, हेंहि तितकेंच खरें. जें ज्ञान शेतकऱ्याच्या हातांत होतें, मका कसा पेरावा, पावसाला साकडें कसें घालावें, तें मात्र पोथ्या जळाल्यावरहि त्याच्या लेकरांपर्यंत पोंचलें. आमच्या मारबतीस मंत्र लागत नाहीं, दक्षिणा लागत नाहीं, मधला माणूस लागत नाहीं. बांबू आपला, हात आपला, आवाज आपला. हा तिचा मोठा गुण आहे.

येथपर्यंत गुण सांगितले. आतां खरा प्रश्न. दर वर्षीं मारबत जाते. तर मग पीडा गेली काय?

हिशेब मांडून पाहूं. ज्या काळांत ह्या मारबती सुरू झाल्या त्या काळीं पटकीनें गांवेंच्या गांवें ओस पडत. काळी मारबत निघाली १८८१ सालीं, पिवळी १८८५ सालीं. आणि ह्या दोहोंच्या मध्यें, १८८४ सालीं, रॉबर्ट कॉक ह्या जर्मन डॉक्टरानें कलकत्त्यास पटकीचा जंतु ओळखला व तो तळ्याच्या पाण्यांत दाखवून दिला. पटकी हटली ती शुद्ध पाण्यानें आणि वेळेवर मिळालेल्या औषधानें. देवीच्या रोगाला तर आपण देवीच म्हणत होतों. तिला नवस केले, कोंबडीं कापलीं. ती गेली टोंचणीनें. सन १९७५ नंतर ह्या देशांत देवीचा रोगी सांपडला नाहीं. मारबतीनें भीति कमी केली असेल, धीर दिला असेल, पण रोग घालविला नाहीं. जो म्हणेल कीं घालविला, त्यास आम्ही एवढेंच विचारूं कीं मग पुढल्या वर्षीं पुन्हा बाहुली करावी कां लागते?

दुसरा प्रश्न याहून अवघड आहे. पीडेला देह कोणाचा द्यावयाचा? काळी मारबत म्हणजे पूतना राक्षसीण, असें कोणी सांगतात. पुष्कळ लोक सांगतात कीं ती बांकाबाई भोसले. बांकाबाई ही दुसऱ्या रघूजी राजांची राणी. राजे १८१६ सालीं वारले. तिसरे रघूजी १८५३ सालीं पुत्र नसतां वारले, आणि १८५४ सालीं डलहौसीनें नागपूरचें राज्य खालसा केलें. भोसल्यांचें जडजवाहीर लिलावांत निघालें. १८५७ सालीं ही म्हातारी विधवा इंग्रजांच्या बाजूस राहिली, हा तिच्यावरील ठपका. तिनें केलें तें बरें केलें असें आम्ही म्हणत नाहीं. पण राज्य गिळलें कोणीं? डलहौसीनें. लिलाव पुकारला कोणीं? कंपनी सरकारनें. आणि शिव्याशाप कोणाला? चाळीस वर्षें वैधव्यांत काढलेल्या म्हातारीला! बलवानाचें नांव घ्यावयास जीभ कचरते तेव्हां ती दुबळ्याचें नांव घेते, हा जगाचा जुना रोग आहे.

ही गोष्ट जुन्या इतिहासापुरती असती तर आम्ही लिहिलें नसतें. खेड्यांत आजहि लेकरूं दगावलें, गाईचें दूध आटलें, कीं कोणी तरी कुजबुजतो, "तिनें करणी केली." ती कोण? बहुतेक वेळां एकटी राहणारी बाई, विधवा, जिच्या मागें भांडणारें कोणी नाहीं, आणि कधीं कधीं जिच्या दोन एकरांवर कोणाचा तरी डोळा आहे. कागदाच्या बाहुलीस जाळणें हा सण. जिवंत बाईस मारबत करून गांवाबाहेर काढणें हें पाप, आणि आतां गुन्हाहि आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांचा २० ऑगस्ट २०१३ रोजीं पुण्यास खून झाल्यावर त्याच वर्षीं महाराष्ट्रांत जादूटोणाविरोधी कायदा झाला. अमकी करणी करते, जनावराचें दूध आटविते, रोग पसरविते असें म्हणून कोणाचें जिणें असह्य करणें हा त्या कायद्यानें गुन्हा आहे. सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैद व पांच हजारांपासून पन्नास हजारांपर्यंत दंड होतो. मायभगिनींनो, असें कोणी तुमच्या दारीं बोलला तर मान खालीं घालूं नका. पोलिसांत वर्दी द्या. आणि पुरुषांनो, वर्दी द्यावयास जाणाऱ्या बाईबरोबर तुम्ही जा.

मग मारबत बंद करावी काय? आम्ही तसें म्हणत नाहीं. मारबतीबरोबर जे बडगे निघतात त्यांकडे पाहा. महागाईचा बडग्या, लांचखाऊचा बडग्या, हुंड्याचा बडग्या! पोळ्याच्या तोरणाखालीं म्हटल्या जाणाऱ्या झडत्यांतहि सावकाराला व कारभाऱ्याला चिमटे असतात. जें एरवीं बोलावयास भय वाटतें तें त्या दिवशीं सारें शहर ऐकेल अशा आवाजांत बोललें जातें. येथें पीडेला तिचें खरें नांव मिळतें, आणि ती कोणा दुबळ्या बाईच्या माथीं बसत नाहीं. सणाचें हें अंग वाढवावें असें आमचें मत आहे.

मात्र बडग्या जाळून घरीं येऊन निजलें तर काम अर्धेंच राहिलें. एकच दाखला देतों. सन २०१७ च्या पावसाळ्यांत यवतमाळ जिल्ह्यांत कपाशीवर औषध फवारतांना विषबाधा होऊन वीसच्या वर शेतकरी व शेतमजूर दगावले, शेंकडों दवाखान्यांत पडले. कीड जावी म्हणून फवारा मारला आणि माणूस गेला. ते दिवस पोळ्याच्या मागचेपुढचेच होते. त्या विषाला मारबत घेऊन जाणार होती काय? नाक-तोंड बांधणें, वाऱ्याच्या उलट दिशेस न फवारणें, दोन विषें मनास येईल तशीं न मिसळणें, उपाशीपोटीं फवारणीस न जाणें, मजुरास हातमोजे व चष्मा मालकानें देणें, आणि दुकानदाराकडून पक्की पावती घेणें, एवढ्यानेंहि कित्येक जीव वांचतात. बैलाच्या खांदशेकणीस आपण तूप-हळद लावतों. फवारा पाठीवर घेणाऱ्या गड्याच्या अंगाची तेवढी तरी काळजी नको काय?

म्हणून आमची सूचना साधी आहे. मारबत खुशाल काढा. पण ज्या दिवशीं मारबत जाईल त्याच संध्याकाळीं गांवानें पारावर बसावें. बडग्याच्या पाटीवर जीं नांवें लिहिलीं त्यांचा एकेक करून विचार करावा. विहिरींत औषध कोण टाकणार? फवारणीच्या गड्यांसाठीं हातमोजे कोण आणणार? कोणाच्या मुलीचें लग्न हुंड्यासाठीं अडलें आहे? कोणाच्या सातबाऱ्यावर कोणाचा बोजा चढला आहे? प्रत्येक कामास दोन माणसें नेमावीं, त्यांत एक बाई असावी, आणि पुढल्या पोळ्यास त्यांनीं त्याच पारावर हिशेब द्यावा. ज्या पीडेचा हिशेब लागला तिचा बडग्या पुढल्या वर्षीं करूं नये. जी राहिली तिचा आणखी मोठा करावा.

माया लोकांचीं दगडी देवळें रानांत गडप झालीं, त्यांच्या राजांचीं नांवें लोक विसरले, पण मका पेरणारे हात राहिले. आपलेहि हात राहतील. त्या हातांनीं बाहुली केली तशी विहीरहि साफ करावी, इतकेंच आमचें सांगणें आहे.