दोन टक्के आणि अमानत

भाचा नगरला बी. कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे. कायदा, नीती आणि कंपन्यांची जबाबदारी यावरील आपला निबंध त्याने कापड बाजारात आमच्या दुकानी बसून वाचून दाखविला. 2013 च्या कंपनी कायद्यान्वये मोठ्या कंपन्यांनी मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के समाजकार्यावर खर्च करावयाचे, हे त्याने नीट मांडले होते. मग म्हणाला, "मामू, नगर अर्बन बँकेचे काय?"

बँक 1910 ची. डिसेंबर 2021 मध्ये रिझर्व्ह बँकेने पैसे काढण्यावर 10,000 रुपयांची मर्यादा घातली आणि ऑक्टोबर 2023 मध्ये परवानाच रद्द केला. ठेव विम्याचे संरक्षण व्याजासह 5 लाखांपर्यंत. त्यावरची रक्कम, मुलीच्या लग्नाची असो की माल खरेदीची, वसुलीच्या भरवशावर. आणि सहकारी बँक म्हटल्यावर दोन टक्क्यांचा तो नियम तिला लागूच नाही!

दुसऱ्याने आपल्याकडे ठेवलेल्या पैशाला आपण अमानत म्हणतो. मग ठेव ही अमानत नव्हे काय? कर्ज कोणाला द्यावयाचे हे संचालक ठरवितात, हे खरे. परंतु संचालकांना निवडून देणारे सभासद आपणच ना? वार्षिक सभेला किती जण जातात, अहवालातील थकबाकीचे पान किती जण उघडतात? मी स्वतः एका पतसंस्थेचा सभासद आहे. पंधरा वर्षांत एकाही सभेला गेलो नाही. नोटिशीच्या कोऱ्या बाजूवर कापडाचे मीटर मांडीत आलो.

यंदाचा अहवाल मागवून घेतला आहे. थकबाकीचे पान भाचा वाचून दाखविणार आहे.