डबी सुटते, मग ताट का बदलत नाही?

तंबाखू घातक आहे, हे आता कोणाला सांगावे लागत नाही. २०१६-१७ साली देशभर झालेल्या प्रौढांच्या तंबाखू सर्वेक्षणात, तंबाखू खाल्ल्याने गंभीर आजार होतात असे मानणाऱ्यांचे प्रमाण ९५.६ टक्के भरले. त्याच सर्वेक्षणात महाराष्ट्रातील २६.६ टक्के प्रौढ तंबाखूचे सेवन करीत असल्याचे दिसले. त्यात ओढणारे अवघे ३.८ टक्के, खाणारे, चघळणारे आणि दातांना लावणारे मात्र २४.४ टक्के. म्हणजे आपल्याकडे ‘धूम्रपान सोडा’ ही हाक ज्याला उद्देशून दिली जाते, तो मनुष्य बहुधा ओढत नाही, मळतो. ज्ञान जवळजवळ सर्वांपाशी आहे, तरी डबी खिशात आहेच. तेव्हा प्रबोधनाचे आणखी एक पत्रक छापून काय साधणार, हा प्रश्न प्रबोधन करणाऱ्यांनी स्वतःला विचारायला हवा.

या आकडेवारीची एक उजळ बाजूही आहे. २००९-१० च्या सर्वेक्षणात महाराष्ट्राचे हेच प्रमाण ३१.४ टक्के होते. सात वर्षांत ते जवळपास पाच टक्क्यांनी उतरले. याचा अर्थ, सवय सुटते. सुटलेल्यांची ती कशी सुटली, हे नीट पाहिले तर तंबाखूपलीकडच्या अनेक गोष्टींना त्याचा उपयोग आहे, आणि आज तो अधिक निकडीचा आहे. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने देशात १० कोटींहून अधिक मधुमेही असल्याचा अंदाज दिला. मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेले आणखी १३ कोटींहून अधिक. हा शहरी सुखवस्तूंचा रोग, अशी समजूत बाळगणाऱ्यांनी खेड्यापाड्यांतील दवाखान्यांच्या पायऱ्यांवर तासभर बसून पाहावे.

बुलढाणा जिल्ह्यातील मेहकर तालुक्यात जानेफळ हे बाजाराचे मोठे गाव आहे. सोयाबीन-कपाशीच्या पट्ट्यातील अशा कोणत्याही गावी तंबाखू ही केवळ नशा नसते, तो शिष्टाचार असतो. पारावर नवा मनुष्य येऊन टेकला की आधी चुन्याची डबी पुढे होते, मग पाऊसपाण्याची विचारपूस. ती नाकारणे म्हणजे सोबत नाकारणे. जिल्ह्यात त्याला आणखी एक आधार शोधला जातो: शेगावच्या महाराजांच्या हाती चिलीम होती ना! श्रद्धेचा असा सोयीस्कर वापर पाहून खेद होतो. २३ फेब्रुवारी १८७८ रोजी महाराज शेगावात प्रथम दिसले ते उष्ट्या पत्रावळींवरची शिते वेचून खाताना. चिलमीचा दाखला देणाऱ्यांना अन्नाविषयीचा तो धडा मात्र क्वचितच आठवतो.

ज्यांनी डबी सोडली त्यांना विचारून पाहा. ‘मनाचा निग्रह केला’ असे ते प्रथम सांगतील, कारण तसे सांगणे शोभते. थोडे खोलात गेले की वेगळेच निघते. कोणी टपरीवरून जाणारा रस्ता बदलला, कोणी जेवणानंतर ओसरीवर बसण्याऐवजी शेताकडे चालू लागला, कोणाच्या दोन सोबत्यांनी एकाच दिवशी सोडली, कोणी खिशात बडीशेप ठेवली. तलफ आली तरी ती काही मिनिटांची असते. पहिले दोन-तीन दिवस सर्वांत कठीण, आणि तीन-चार आठवड्यांत शरीराची कुरकुर पुष्कळशी ओसरते. मग उरते ती वेळ, जागा आणि माणसे. ती बदलली नाहीत तर वर्षाने एखाद्या लग्नमांडवात पुन्हा हात पुढे होतो.

सोबतीचे हे बळ अमेरिकेतील फ्रॅमिंगहॅम गावच्या अभ्यासाने मोजून दाखवले आहे. १९७१ ते २००३ अशी बत्तीस वर्षे बारा हजारांवर लोकांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा पती-पत्नींपैकी एकाने सिगारेट सोडली की दुसऱ्याने ओढत राहण्याची शक्यता ६७ टक्क्यांनी घटते, असे २००८ साली त्या संशोधकांनी मांडले. एकेकट्याने नव्हे, तर गटागटाने लोक धुरातून बाहेर पडत होते. आणि याच संशोधकांनी याच लोकांच्या नोंदींवरून त्याआधी वर्षभर, २००७ साली, आणखी एक गोष्ट दाखवली होती: मित्र लठ्ठ झाला की आपण लठ्ठ होण्याची शक्यता ५७ टक्क्यांनी वाढते. सिगारेट ज्या नात्यांतून सुटते, त्याच नात्यांतून पोटाचा घेरही पसरतो. तंबाखूचा अनुभव ताटाला लागू करता येतो असे म्हणण्यास याहून चांगला आधार कोणता हवा?

येथे स्वयंसेवकांना काही ओळखीचे वाटेल. शाखा उभी राहते ती एका ठरलेल्या वेळी, एका ठरलेल्या मैदानावर, ठरलेल्या सोबतीने. एखादा आला नाही तर गटनायक त्याच्या घरी जाऊन ‘बरे नाही का?’ एवढेच विचारतो. त्याच्या दुबळ्या इच्छाशक्तीवर बौद्धिक देत नाही. डॉक्टर हेडगेवारांनी रुजवलेली ही पद्धत शंभर वर्षे टिकली. तरीही आरोग्याचा विषय निघाला की आपण संयमावर, मनोबलावर बोलू लागतो, आणि बोलून झाले की बैठकीत गोड चहाबरोबर बिस्किटांची बशी फिरते. उत्सवाच्या अल्पोपाहाराविषयी न बोललेलेच बरे.

अर्थात तंबाखू आणि अन्न यांत एक मोठा भेद आहे. तंबाखू संपूर्ण सोडता येते, अन्न सोडता येत नाही. म्हणून ‘बेताने खाईन’ असा संकल्प करणारा रोज तीनदा स्वतःशी वाटाघाटी करतो आणि तीनदा हरतो. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश प्रयोगात ६९७ धूम्रपान करणाऱ्यांपैकी निम्म्यांना हळूहळू कमी करून, तर निम्म्यांना ठरलेल्या दिवशी एकदम थांबायला सांगितले. चार आठवड्यांनंतर एकदम थांबलेल्यांपैकी ४९ टक्के टिकून होते, हळूहळू सोडणाऱ्यांपैकी ३९ टक्के. अन्नाच्या बाबतीत याचा अर्थ एवढाच की रेषा स्पष्ट हवी. ‘गोड कमी’ ही रेषा नव्हे. ‘चहात साखर नाही’, ‘रात्री आठनंतर काही खाणे नाही’, ‘घरात शेव-फरसाणाचा डबा नाही’, ‘जेवताना मोबाईल नाही’ या रेषा आहेत. त्या ओलांडल्या की कळते.

अशा रेषा आखण्याचे शास्त्र परदेशातून आणण्याची गरज नाही. आषाढ शुद्ध नवमीला, म्हणजे कांदेनवमीला, आपल्या घरांतून कांद्याचा यथेच्छ निरोपसमारंभ होत असे, आणि दोन दिवसांनी एकादशीपासून चातुर्मास लागे. कोणी कांदा-लसूण, कोणी वांगी सोडी. आजीबाई एकच पदार्थ सोडत, दहा नव्हे. तारीख पंचांगाने ठरलेली, मुदत कार्तिकी एकादशीपर्यंतची, आणि सारे घर, आळी, गाव त्याच नेमात. लंडनच्या विद्यापीठात २००९ साली झालेल्या एका अभ्यासात, नवी सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागल्याचे आढळले. कोणाला १८ पुरले, कोणासाठी २५४ दिवसांचा हिशेब निघाला. एखादा दिवस चुकल्याने मोडले असेही नाही. चातुर्मास सुमारे १२० दिवसांचा. आपल्या पूर्वजांनी हे गणित मांडून ठरवले, असा दावा मी करणार नाही. तशा दाव्यांनी आपलेच हसे होते. पण उपलब्ध साधन हाताशी असताना ते माळ्यावर टाकण्यात शहाणपण नाही.

कारण आज उरले आहे ते व्रताचे टरफल. उपवासाच्या दिवशी साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचा तळलेला कीस, वर शेंगदाण्याचा लाडू. गंमत अशी की बटाटा, मिरची आणि साबुदाणा ज्याचा होतो तो कंद, हे सारे तंबाखूप्रमाणेच अमेरिका खंडातून सातासमुद्रापलीकडून आले. परके म्हणून ते वाईट ठरत नाहीत; पण त्यांना उपवासाच्या ताटात सनातन मानण्याचेही कारण नाही.

आणखी एक बाब पुरुषांनी ध्यानात घ्यावी. डबी ज्याची त्याने सोडायची असते, ताट मात्र घरातील स्त्री वाढते. गृहस्थाला मधुमेह निघाला की स्वयंपाकघरात दोन भाज्या, दोन चहा आणि दोन प्रकारची कणीक सुरू होते. एक वेगळे ताट वाढण्याचा तो जाच महिन्याभरात दोघांनाही नकोसा होतो, आणि शेगावची कचोरी घरी येते. फ्रॅमिंगहॅमच्या आकड्यांनी हेच सांगितले आहे: एकाचे पथ्य टिकत नाही, घराचे टिकते. ज्या घरात सर्वांसाठीच ज्वारीची भाकरी झाली, तेथे आजाऱ्याला वेगळे पाडणारे पथ्य उरलेच नाही. संघाने शताब्दीच्या निमित्ताने सांगितलेल्या पंच परिवर्तनांत कुटुंब प्रबोधन आहे. आठवड्यातून एकदा घराने एकत्र जेवून बोलावे, असा त्यातला आग्रह. त्या बोलण्यात देशाचे प्रश्न जरूर यावेत. साखरेचा डबा आणि मुलांची झोपण्याची वेळ हेही यावेत.

येत्या कांदेनवमीला घरातील सर्वांनी मिळून एकच वस्तू निवडावी आणि ती भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर लिहावी. मंडळाने वा शाखेने शेजारची पाच घरे जोडून घ्यावीत. मध्येच कोणाचे चुकले तर दुसऱ्या दिवशी विचारपूस करावी, उपदेश नको. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असणाऱ्यांनी जेवणाच्या वेळा बदलण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना विचारावे, कारण उपाशीपोटी साखर एकदम उतरण्याचा धोका असतो. आणि ज्यांची निवड तंबाखूच असेल, त्यांच्यासाठी १८००-११-२३५६ हा शासनाचा निःशुल्क दूरध्वनी आहे.