पेट्रोल भरण्यापूर्वी इंजिन गार होऊ द्या

खर्डा म्हटले की बाहेरच्या माणसाला १७९५ ची मराठे-निजाम लढाई आठवते. येथे दवाखाना चालवणाऱ्या मला मात्र फवारणीचे दिवस आले की भाजलेले हात आठवतात. मजूर मिळेना म्हणून पाठीवरचे पेट्रोलचे पंप आले, लाइट जाते म्हणून दुकानात जनरेटर आले. कोणते औषध मारावे याची चर्चा पारावर रंगते. इंजिनात पेट्रोल कसे भरावे हे मात्र कोणी कोणाला विचारत नाही.

गेल्या हंगामात एक तरुण शेतकरी आला. फवारता फवारता पंप बंद पडला, टाकी रिकामी. त्याने पंप उतरवून लगेच बाटलीतले पेट्रोल ओतले. थोडे तापलेल्या सायलेन्सरवर सांडले आणि भडका उडाला. उजवा हात कोपरापर्यंत भाजला. "डॉक्टर, काडी कोणीच ओढली नव्हती हो," असे तो पुन्हा पुन्हा सांगत होता. काडी लागतच नाही. पेट्रोलची वाफ शून्याखाली चाळीस अंशांनाही पेट घेऊ शकते, मग आपल्याकडच्या उन्हात काय सांगावे! शिवाय ही वाफ हवेपेक्षा जड. ती जमिनीलगत सरकत जाते आणि लांबच्या बिडीपर्यंत किंवा चुलीपर्यंत पोचते.

म्हणून इंजिन बंद करून दहा-पंधरा मिनिटे थांबा. चहा घ्या, पण बिडी पेटवू नका. पंप जमिनीवर ठेवा. एकाच्या पाठीवर पंप आणि दुसरा वरून पेट्रोल ओततो आहे, हे मी रस्त्याकडेच्या शेतात डोळ्यांनी पाहिले आहे! नरसाळे वापरा, टाकी काठोकाठ भरू नका, सांडलेले पुसून घ्या आणि यंत्र चार पावले बाजूला नेऊन मग दोरी ओढा. पेट्रोल प्लास्टिकच्या बाटलीत साठवू नका. १९३४ च्या पेट्रोलियम कायद्यात घरगुती साठ्यासाठी घट्ट बुचाची काचेची, चिनी मातीची किंवा धातूची भांडी सांगितली आहेत. प्लास्टिकचे नाव त्यात नाही.

आता ऑइल. आरोग्याच्या सदरात ऑइल कशाला, असे कोणी म्हणेल. टू-स्ट्रोक इंजिनात ऑइल पेट्रोलमध्येच मिसळतात. कंपनीने पन्नासास एक सांगितले असेल तर लिटरला २० मिलिलिटर. "जास्त घातले तर बरेच" म्हणून दुप्पट ओतले की निळा धूर निघतो, आणि तो दिवसभर ज्याच्या पाठीवर पंप त्याच्याच नाकात जातो. फोर-स्ट्रोकचे ऑइल वेगळे. यंत्र सपाट जागी ठेवून, इंजिन बंद असताना पट्टी काढा, फडक्याने पुसा, पुन्हा बुडवून पाहा. पातळी दोन खुणांच्या मध्ये हवी. नवे यंत्र बऱ्याचदा ऑइलशिवायच येते, हेही ध्यानात ठेवा. काढलेले काळे ऑइल जखमेवर किंवा खरजेवर लावणारे अजून भेटतात. त्वचेला वर्षानुवर्षे ते लागत राहिले तर कर्करोगाचाही धोका असतो.

एक चूक माझी स्वतःची. भारनियमनाच्या काळात पावसाने भिजतो म्हणून मी जनरेटर दवाखान्याच्या बोळात आणला. तासाभरात कंपाउंडरचे डोके दुखू लागले, मला मळमळले. आम्ही दोघांनी पित्ताची गोळी घेतली! बाहेर ओट्यावर जरा बसलो तर बरे वाटले, तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेपटीहून अधिक घट्ट चिकटतो. आत पेशंट झोपलेले असते तर? जनरेटर बाहेर, खिडकीपासून दूरच हवा. शटर अर्धे उघडे ठेवून भागत नाही.

शेतकरी अडाणी म्हणून हे घडते, असे म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. यंत्राबरोबर बारीक टायपातले इंग्रजी पुस्तक मिळते. विकणारा पैसे मोजून घेतो आणि यंत्र रिक्षात टाकतो. त्याने गिऱ्हाइकाच्या हातून एकदा पेट्रोल भरून घ्यावे, ऑइलची पट्टी दाखवावी आणि मराठी कागद द्यावा. पंधरा मिनिटांचे काम आहे. गिऱ्हाइकानेही ते हक्काने मागावे.

तरीही अपघात झालाच तर पळू नका, जमिनीवर लोळा. भाजलेल्या जागेवर वीस मिनिटे साधे पाणी सोडा. शाई, टूथपेस्ट, तूप काही नको. नळीने पेट्रोल ओढताना तोंडात गेले तर उलटी करवू नका, ते फुप्फुसात उतरते. १०८ ला फोन करा.

तो तरुण परवा आला होता. मूठ अजून पूर्ण मिटत नाही. पंप विकला का, असे विचारले. "नाही डॉक्टर, कांदा फवारायचा राहिलाय," म्हणाला. पत्र्याचा डबा मात्र त्याने घेतला आहे.