झोपेच्या गोळीच्या चिठ्ठीवर शेवटची तारीख का नसते?

अँटिबायोटिक दिलं की डॉक्टर सांगतात, पाच दिवस घ्या. डोळ्यांचे थेंब दिले की सांगतात, आठवडाभर घाला. झोपेच्या गोळीपुढे मात्र बहुतेक वेळा एवढंच असतं : 'रात्री झोपताना एक'. किती दिवस? त्याबद्दल चिठ्ठी गप्प. मग ती चिठ्ठी घडी घालून पाकिटात जाते. मेडिकलवाला सुरुवातीला ती बघून गोळी देतो, पुढेपुढे न बघताच. घरात कुणी गेलं म्हणून पंधरा दिवसांसाठी सुरू झालेली गोळी दहा वर्षांनंतरही चालू असते आणि ती का चालू आहे हे कुणीच विचारत नाही.

मी स्पष्टच लिहितो. हे औषध कधी आणि कसं बंद करायचं हे सुरू करतानाच न सांगणं, हा अर्धवट उपचार आहे. त्यात सवय लागली तर 'रुग्णच गोळी सोडत नाही' म्हणून हात झटकण्याचा अधिकार आम्हा डॉक्टरांना नाही.

आपण कोणत्या गोळ्यांबद्दल बोलतोय? अल्प्राझोलम, क्लोनाझेपाम, लोराझेपाम, नायट्राझेपाम, डायझेपाम. या गटाला बेन्झोडायझेपीन म्हणतात. झोल्पिडेम वेगळ्या गटातलं असलं तरी मेंदूत काम त्याच जागी करतं. घरोघरी यांना 'टेन्शनची गोळी' किंवा नुसतं 'ती छोटी गोळी' म्हणतात. काही वेळा ती दुसऱ्याच नावाखाली पोटात जाते. पोट बिघडतं म्हणून वर्षानुवर्षं घेतल्या जाणाऱ्या काही गोळ्यांमध्ये क्लिडिनियमबरोबर क्लोरडायझेपॉक्साइड असतं, आणि ते याच गटातलं. नैराश्याच्या काही गोळ्यांत एस्सिटालोप्रामबरोबर क्लोनाझेपाम जोडलेलं असतं. पट्टीच्या मागे बारीक अक्षरांत घटक छापलेले असतात, ते आज चष्मा लावून एकदा वाचाच.

'अहो, अगदी माइल्ड गोळी आहे, फक्त पाव मिलिग्राम!' हे वाक्य मी रुग्णांकडून ऐकतो आणि डॉक्टरांकडूनही. मिलिग्रामचा आकडा लहान म्हणजे औषध सौम्य, असं नसतं. अल्प्राझोलमचा अर्धा मिलिग्राम हा डायझेपामच्या पाच ते दहा मिलिग्रामच्या तोडीचा धरतात. आकडा लहान आहे कारण औषध जोरकस आहे.

बरं, ही काही नव्याने कळलेली गोष्ट नाही. या गटातलं पहिलं औषध 1960 साली बाजारात आलं, डायझेपाम 1963 साली. आधीच्या बार्बिट्युरेट गोळ्यांपेक्षा सुरक्षित म्हणून त्यांचं स्वागत झालं, आणि त्या तुलनेत त्या सुरक्षित होत्याही. पण 1988 मध्येच ब्रिटनच्या औषध सुरक्षा समितीने डॉक्टरांना सांगितलं होतं की या गोळ्या दोन ते चार आठवड्यांसाठीच द्याव्यात. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2020 मध्ये या गटाच्या ठळक चौकटीतल्या इशाऱ्यात शरीराला लागणारी सवय आणि गोळी सोडतानाचा त्रासही घातला. म्हणजे 'आम्हाला माहीत नव्हतं' ही सबब कधीच संपली आहे.

आता सवय लागते कशी ते बघा. मेंदूत गाबा नावाचं रसायन ब्रेकचं काम करतं. ही गोळी त्या ब्रेकवर आणखी एक पाय ठेवते, म्हणून झोप येते. पण रोजच जास्तीचा ब्रेक लागतोय म्हटल्यावर मेंदू स्वतःला जुळवून घेतो आणि त्या ब्रेकला दाद देणं कमी करतो. अशा वेळी एका रात्री गोळी अचानक बंद केली तर? झोप उडते, हात थरथरतात, घाम येतो, छातीत धडधडतं, भांड्याचा आवाजही डोक्यात जातो. काही जणांना भ्रम होतो, क्वचित फिटही येते. अल्प्राझोलम शरीरातून लवकर जातं, त्यामुळे हा त्रास एकदोन दिवसांतच सुरू होतो. क्लोनाझेपाम रेंगाळतं, म्हणून तिथे तो काही दिवस उशिरा येतो आणि त्याचा गोळीशी संबंध आहे हे लक्षातही येत नाही.

खरी फसगत इथेच होते. तुम्ही म्हणता, 'दोन दिवस गोळी सोडून पाहिली डॉक्टर, डोळ्याला डोळा लागला नाही. म्हणजे मला गोळीची गरज आहेच.' नाही! ती रात्र तुमच्या मूळ निद्रानाशाची नव्हती, ती गोळीनेच दिलेली होती. पण तुम्ही तिला गरजेचा पुरावा समजता, डॉक्टरही तसंच समजतात आणि कित्येकदा पावाची अर्धी होते.

याला व्यसन म्हणू नका. सांगितलेली गोळी सांगितल्याप्रमाणे घेणाऱ्या आजींना व्यसनी ठरवणं चूक आहे. त्यांचं शरीर गोळीवर अवलंबून झालंय, एवढंच. पण 'आता या वयात कशाला बंद करायची, घेऊ द्या त्यांना' हा दयाळूपणाही मला मान्य नाही. सर्वात जास्त धोका त्यांनाच आहे. रात्री लघवीला उठताना तोल जाणं, खुब्याचं हाड मोडणं, दिवसा गुंगी, विसरभोळेपणा. हे सगळं वयावर ढकललं जातं आणि गोळी नामानिराळी राहते. शिवाय उतारवयात गोळी सुटतच नाही हेही खरं नाही. कॅनडात क्यूबेकमध्ये अशा वयस्क रुग्णांना औषधाचे धोके आणि हळूहळू कमी करण्याचं वेळापत्रक समजावणारी एक पुस्तिका दिली गेली. 2014 मध्ये त्याचे निष्कर्ष आले. सहा महिन्यांत पुस्तिका मिळालेल्यांपैकी 27 टक्के लोकांनी गोळी पूर्ण बंद केली होती, न मिळालेल्यांपैकी 5 टक्क्यांनी. एक पुस्तिका! एवढंही आपण देत नसू तर दोष कुणाचा?

आपल्याकडे कायदा आहे. अल्प्राझोलम, डायझेपाम, नायट्राझेपाम, झोल्पिडेम ही औषधं 1 मार्च 2014 पासून शेड्यूल एच-1 मध्ये आहेत. दुकानदाराने ती डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच द्यायची, वेगळ्या रजिस्टरमध्ये रुग्णाचं आणि डॉक्टरांचं नाव लिहायचं आणि ते रजिस्टर तीन वर्षं जपायचं. हे पाळलं गेलंच पाहिजे. पण नुसत्या कडकपणाची दुसरी बाजूही आहे. दहा वर्षं गोळी घेणाऱ्याला दुकानदाराने एक दिवस 'आता मिळणार नाही' म्हटलं, किंवा मुलाने प्रेमापोटी पट्ट्या कचऱ्यात टाकल्या, की वर सांगितलेला सगळा त्रास एकदम अंगावर येतो. म्हणून घरच्या मंडळींना विनंती, पट्ट्या फेकू नका.

हा लेख वाचून तुम्हीही आज रात्री गोळी बंद करू नका. फिट्ससाठी क्लोनाझेपाम किंवा क्लोबाझाम चालू असेल तर हा लेख तुमच्यासाठी नाही, त्या गोळ्यांना हातही लावू नका.

मग सुटते कशी? हळू. डोस साधारण 5 ते 10 टक्क्यांनी कमी करायचा, दोन ते चार आठवडे थांबायचं, शरीर स्थिरावलं की पुढची पायरी. जुन्या सवयीला काही महिने लागतात, कधी वर्षही. शेवटचा पाव भाग सर्वात चिवट असतो, तिथे घाई नडते. कधी डॉक्टर गोळी बदलून जास्त वेळ टिकणारं डायझेपाम देतात, म्हणजे उतार सपाट होतो. आपल्याकडे सर्रास दिला जाणारा 'एक दिवसाआड घ्या' हा सल्ला मात्र बहुतेकांना छळतो, विशेषतः अल्प्राझोलमच्या बाबतीत. एक दिवस ब्रेक, एक दिवस नाही, म्हणजे दर दुसऱ्या रात्री नव्याने त्रास. त्यापेक्षा रोज, पण थोडी कमी. गोळी कापण्याचं छोटं यंत्र मिळतं, पण एसआर किंवा ईआर लिहिलेली गोळी तोडायची नसते.

गोळी उतरत असताना झोपेचा मूळ उपचारही सुरू हवा. अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने 2016 मध्ये जुनाट निद्रानाशासाठी पहिला उपचार म्हणून सुचवलं ते औषध नव्हतं, वर्तन बदलण्याची पद्धत होती. रोज ठरलेल्या वेळी उठणं, रात्र कशीही गेली तरी. पेंग आल्याशिवाय अंथरुणावर न जाणं, आणि झोप येईना तर उठून बाहेरच्या खोलीत बसणं. पहिले एकदोन आठवडे वाईट जातात, हे आधीच सांगून ठेवतो. गोळीच्या जागी दारूचा पेग तर मुळीच नको. सर्दीची गोळीही नको, वयस्कांमध्ये तीही गोंधळ घालते.

डॉक्टरांकडे जाताना पोटाच्या आणि बीपीच्या गोळ्यांसकट सगळ्या पट्ट्या पिशवीत घालून न्या. किती वर्षं, किती गोळ्या, दारू किती, हे खरं सांगा, आणि कमी करण्याचं वेळापत्रक तारखांसह लिहून मागा. ते दर महिन्याला बदलावं लागलं तरी चालेल. मधेच त्रास वाढला तर मागे उडी मारू नका, आहे त्याच पायरीवर थांबून डॉक्टरांना फोन करा. फिट आली, माणूस असंबद्ध बोलू लागला किंवा नसलेलं दिसू लागलं तर मात्र थेट रुग्णालयात न्या. रिकामी पट्टी बरोबर घ्या आणि शेवटची गोळी कधी घेतली ते आल्याआल्या सांगा.