शेजाऱ्याचें झाड आणि आपली भिंत

पावसाळ्याचा पहिला जोराचा वारा सुटला कीं, शहरांतील परसांतलीं जुनीं झाडें कोसळूं लागतात आणि त्यांच्याबरोबर शेजारधर्मही कोसळतो. ज्याचें छप्पर फुटलें तो म्हणतो, “झाड तुमचें, भरपाई तुम्ही द्या.” झाडाचा मालक म्हणतो, “वारा कांहीं मीं सोडला नव्हता!” दोघांचेंही म्हणणें अर्धेंच खरें आहे, उरलेलें अर्धें कायद्यानें कसें ठरविलें आहे तें पाहूं.

नुकसानभरपाईचा हा कायदा आमच्या देशांत अजून कलमवार लिहिलेला नाहीं. तो बहुतांशीं विलायतच्या निकालांवरून चालत आला आहे. त्याचें पहिलें तत्त्व असें कीं, हद्द जमिनीवर असते तशीच वरच्या आकाशांतही असते. शेजारच्या झाडाची फांदी आपल्या अंगणावर आली, तर आपल्या हद्दीपुरती ती छाटण्यास मालकाची संमति लागत नाहीं, असें हाउस ऑफ लॉर्ड्सनें 1894 सालीं ठरविलें. मात्र त्यासाठीं मालकाच्या आवारांत पाऊल टाकतां येत नाहीं. फांदी कितीही वर्षें तेथें लोंबत असली, तरी तिला वहिवाटीचा हक्क मिळत नाहीं, असेंच मत मुंबई हायकोर्टानेंही त्या सुमारास दिलें. छाटलेलें लांकूड व फळें मात्र मालकाचींच. फांदीनें कौलें फुटलीं किंवा मुळांनीं भिंत तडकली, तर भरपाईही मागतां येते.

अख्खें झाड कोसळलें, तर प्रश्न निराळा. येथें केवळ मालकी पुरत नाहीं; हयगय सिद्ध करावी लागते. निरोगी दिसणारें झाड अकल्पित वादळांत पडलें, तर मालक निर्दोष. परंतु खोड पोकळ झालें आहे, बुंध्यावर अळंबीं उगवलीं आहेत, झाड दिवसेंदिवस कलत आहे, आणि हें शेजाऱ्यानें लेखी कळविलें असतांही मालक स्वस्थ बसला, तर दैवावर हवाला टाकून त्याची सुटका होणें कठीण. म्हणून ज्यास धोका दिसतो त्यानें भांडण न करितां, छायाचित्रासह, पोच मिळेल अशा टपालानें नोटीस धाडावी. चार ओळींचें तें पत्र पुढें कोर्टांत मोठ्या पुराव्याच्या जागीं उभें राहतें. पुष्कळदां तर त्यामुळें खटलाच टळतो. अशा नोटिशीस मालकानेंही वैर समजूं नये.

परंतु महाराष्ट्रांतील शहरांत 1975 च्या वृक्षसंरक्षणाच्या कायद्यानें मालकाचे हात बांधलेले आहेत. परवानगीवांचून स्वतःच्या जागेंतलें झाडही तोडतां येत नाहीं, आणि ‘तोडणें’ या शब्दांत झाडास इजा करणेंही येतें. तेव्हां फांदी छाटणाऱ्या शेजाऱ्यानेंही आधीं परवानगी घ्यावी हें बरें. या कायद्याचा हेतु उत्तम आहे. झाडांवांचून शहर म्हणजे तापलेली भट्टी. पण चेंबुरांत 2017 च्या जुलईंत नारळाचें झाड अंगावर पडून एक स्त्री मरण पावली, तेव्हां तें तोडण्याची मागणी आधींच नाकारली गेली होती, असें वर्तमानपत्रांतून प्रसिद्ध झालें. अशा प्रसंगीं जबाबदार कोणास धरावें?

राजकोट येथें रस्त्याकडेचें झाड पडून एक वाटसरू मेला, त्या खटल्यांत हायकोर्टापर्यंत वारसांचा जय झाला. पण सुप्रीम कोर्टानें 1997 सालीं म्युनिसिपालिटीस जबाबदारींतून मोकळें केलें. प्रत्येक झाडावर अहोरात्र पहारा ठेवतां येत नाहीं, हें आम्हांसही मान्य आहे. पण जेथें अर्ज आला, पाहणी झाली आणि नकार दिला गेला, तेथें अज्ञानाची सबब उरत नाहीं.

म्हणून कायद्यांत स्पष्ट कलम घालावें: धोक्याच्या अर्जाची पाहणी पावसाळ्यापूर्वीं व्हावी, नकाराचीं कारणें लेखी द्यावीं, आणि नकारानंतर तेंच झाड कोसळलें तर भरपाई नाकारणाऱ्याच्या माथीं बसावी. नोटिशीनंतर नागरिकानें स्वस्थ बसणें ही जर हयगय, तर अर्जानंतर कचेरीनें स्वस्थ बसणें हीही हयगयच होय.