त्रैक्य म्हणजे त्रिमूर्ती नव्हे : चिंचवड, वाँटेज आणि रमाबाईंचा प्रश्न

१/ नाताळ जवळ आला की मराठी समाजमाध्यमांवर तीन वाक्ये हमखास फिरू लागतात. ‘ख्रिस्ती लोक तीन देव मानतात.’ ‘त्यांचे त्रैक्य म्हणजे आपलेच ब्रह्मा-विष्णू-महेश.’ ‘हे सारे कॉन्स्टंटाइन बादशहाने मतदान घेऊन ठरवले.’ पहिले वाक्य बहुधा तुच्छतेने लिहिले जाते, दुसरे आपुलकीने आणि तिसरे विद्वत्तेच्या आवेशात. तिन्ही चुकीची आहेत. त्रैक्य खरे की खोटे, हा या धाग्याचा विषय नाही. ज्याचे खंडन करायचे ते आधी नीट मांडता आले पाहिजे, एवढाच आग्रह आहे.

२/ सुरुवात चिंचवडपासून करू. कॅप्टन एडवर्ड मूर या कंपनीच्या अधिकाऱ्याने १८०० च्या सुमारास पवनाकाठचे देवस्थान पाहिले आणि १८०१ मध्ये ‘एशियाटिक रिसर्चेस’च्या सातव्या खंडात त्यावर लेख छापला. मोरया गोसावींच्या वंशात सात पिढ्या गणपतीचा अंश राहील, ही येथील श्रद्धा. ती इंग्रज वाचकांपुढे मांडताना मूरने गणपतीच्या अंशासाठी आपल्याच धर्मातला शब्द योजला : होली स्पिरिट, पवित्र आत्मा.

३/ ‘अंश’ आणि ‘पवित्र आत्मा’ या कल्पना एक नव्हेत. अंश उतरतो, पिढीगणिक पुढे जातो, सातव्या पिढीनंतर थांबतो. ख्रिस्ती शिकवणीतला पवित्र आत्मा देवाचा अंश नाही. तो पूर्ण देव आहे. मूरने परक्या श्रद्धेवर आपल्या घरचे नाव चिकटवले आणि ती समजल्याचा भास निर्माण झाला. आज आपण त्रैक्याला ‘त्रिमूर्ती’ म्हणतो तेव्हा नेमके तेच करतो, फक्त उलट दिशेने. मूर परका होता म्हणून त्याला हसायचे आणि आपल्या चुकीला समन्वय म्हणायचे, हा न्याय कोणता?

४/ मग मूळ शिकवण काय? पहिल्या शतकातले येशूचे अनुयायी ज्यू होते. ‘देव एकच’ ही त्यांची रोजची कबुली. त्याच लोकांनी येशूला ‘प्रभू’ म्हणून आळवायला सुरुवात केली आणि आपल्यात वावरणारा आत्माही देवच आहे असा अनुभव सांगितला. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या अखेरीस बाप्तिस्मा पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्या नावाने द्यावा अशी आज्ञा आहे. तेथे ‘नाव’ हा शब्द एकवचनी आहे. एकदेववाद सोडायचा नाही आणि हा अनुभवही नाकारायचा नाही, या पेचातून सिद्धान्त जन्मला.

५/ सिद्धान्ताची मांडणी अशी. देव एक. पिता म्हणजे पुत्र नव्हे, पुत्र म्हणजे आत्मा नव्हे. तरी तिघांपैकी प्रत्येक जण पूर्ण देव. एक तृतीयांश नव्हे. भेद फक्त परस्परसंबंधांचा : पिता कोणापासूनही नाही, पुत्र पित्यापासून अनादिकाळ जन्मलेला, आत्मा निघालेला. चौथ्या शतकातल्या ग्रीक आचार्यांनी यासाठी दोन शब्द निश्चित केले : सत्तेसाठी ‘ऊसिआ’, तिघांसाठी ‘हिपोस्टॅसिस’.

६/ मराठीत घोटाळा येथेच होतो. ‘हिपोस्टॅसिस’साठी लॅटिनने ‘पर्सोना’ घेतला, इंग्रजीने ‘पर्सन’ आणि आपण ‘व्यक्ती’. आजच्या मराठीत व्यक्ती म्हणजे स्वतंत्र मन, स्वतंत्र इच्छा असलेला माणूस. ‘तीन व्यक्ती’ ऐकले की डोळ्यांपुढे तीन माणसे उभी राहतात आणि ‘तीन देव’ हा आरोप आपोआप सुचतो. सिद्धान्तात मात्र तीन इच्छा नाहीत. इच्छा एक, सत्ता एक. आक्षेप जरूर घ्यावा, पण तो अनुवादावर आहे की विचारावर, हे आधी ठरवावे.

७/ ‘एक आणि तरीही एकाकी नव्हे’ ही कल्पनाच पोरकट आहे, असे निदान मराठी माणसाने म्हणू नये. ज्ञानेश्वरांच्या ‘अमृतानुभवा’चा आरंभच शिव-शक्तीच्या अशा नात्याने होतो, ज्यात दोनपण दिसते आणि एकपण मोडत नाही. तो विचार त्रैक्य नव्हे. दोहोंत मोठे अंतर आहे. पण ज्या भाषेने तेराव्या शतकात इतका सूक्ष्म विचार पेलला, तिच्या वारसांनी ‘एक अधिक एक अधिक एक बरोबर तीन’ हा हिशेब अंतिम युक्तिवाद म्हणून फेकावा, हे भाषेला शोभत नाही.

८/ आता त्रिमूर्ती. कालिदासाच्या ‘कुमारसंभवा’च्या दुसऱ्या सर्गात देव ब्रह्म्याची स्तुती करतात : सृष्टीपूर्वी एकच असलेला, मग तीन गुणांनुसार त्रिविध झालेला. रजाने उत्पत्ती, सत्त्वाने स्थिती, तमाने लय. ही कार्याची वाटणी आहे. ऑगस्टीनपासूनची पाश्चात्त्य ख्रिस्ती शिकवण नेमकी हीच वाटणी नाकारते : जगाच्या बाबतीत तिघांचे कार्य अविभाज्य आहे, उत्पत्ती एकट्या पित्याची नाही, तारण एकट्या पुत्राचे नाही. शिवाय तीन ‘होणे’ नाही. सृष्टी नसती तरी देव त्रैक्यच असता.

९/ एकच देव तीन वेळी तीन रूपे घेतो, असे शिकवणारा एक आचार्य तिसऱ्या शतकात रोममध्ये होता : सॅबेलियस. चर्चने त्याला बहिष्कृत केले. तेव्हा ‘पाणी, बर्फ, वाफ’ हा लाडका दृष्टान्त देणारा ख्रिस्ती प्रचारक आणि ‘त्रिमूर्तीच ती’ म्हणणारा हिंदू मित्र, दोघेही नकळत सॅबेलियसच्या पंक्तीला बसतात. आणि आपल्या बाजूचे काय? घारापुरीच्या ज्या शिल्पाला ‘त्रिमूर्ती’ म्हणण्याची सवय जडली, ते सहाव्या शतकातल्या शैवांचे सदाशिवाचे रूप आहे. या घाईच्या समीकरणात दोन्ही परंपरांची हानी होते.

१०/ केशवचंद्र सेन यांनी १८८२ च्या व्याख्यानात त्रैक्य सत्-चित्-आनंदाशी जोडले. पुढे ब्रह्मबांधव उपाध्यायांनी तोच धागा घेऊन संस्कृत स्तोत्र रचले. तुलना करायचीच असेल तर ती अशी असते : कार्यांची नव्हे, स्वरूपाची, आणि दोन्हीकडचे शास्त्र वाचून केलेली.

११/ तिसरे वाक्य, कॉन्स्टंटाइनचे. लॅटिन ‘ट्रिनिटास’ हा शब्द कार्थेजच्या टर्टुलियनने तिसऱ्या शतकाच्या आरंभी वापरला. नायसियाची परिषद भरली ३२५ मध्ये, म्हणजे शंभराहून अधिक वर्षांनी. तेथे वाद होता तो एरियसच्या मताचा : पुत्र हा निर्माण केलेला आहे काय? परिषदेने ‘नाही, तो पित्याशी एकसत्त्व’ असे म्हटले. पवित्र आत्म्याविषयी त्या मतांगीकारात जेमतेम एक वाक्यांश आहे. त्याची सविस्तर मांडणी ३८१ मध्ये कॉन्स्टँटिनोपलला झाली.

१२/ बादशहाने सिद्धान्त लादला म्हणावे, तर पुढचा इतिहास आडवा येतो. कॉन्स्टंटाइनने मृत्युशय्येवर बाप्तिस्मा घेतला तो एरियसच्या पाठीराख्या बिशपाच्या हातून. नायसियाचा कैवारी अथनेशियस पाच वेळा हद्दपार झाला, त्यांतला पहिल्यांदा खुद्द कॉन्स्टंटाइनच्या हुकमाने. बादशहाचा पुत्र कॉन्स्टँटियस तर उघड विरोधी पक्षाचा. राजसत्तेचा हात नव्हता असे मुळीच नाही : ३८० मध्ये थिओडोसियसने हा विश्वास साम्राज्याचा कायदा केला. टीका तेथे करा. ती रास्त ठरेल.

१३/ आता चौथे वाक्य, जे दुसऱ्या बाजूने येते : ‘हे गूढ आहे, प्रश्न विचारू नका.’ याचा समाचार एका मराठी स्त्रीने घेतला. पंडिता रमाबाईंनी २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडात वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतला. त्यानंतर चेल्टनहॅमला असताना १८८५ च्या पत्रव्यवहारात त्यांनी सिस्टर जेराल्डिन यांच्याशी त्रैक्यावरून आणि ख्रिस्ताच्या देवत्वावरून उघड वाद घातला. पुरोहिताच्या मुखातला प्रत्येक शब्द देववाणी मानणे आपल्याला शक्य नाही, अशी त्यांची भूमिका होती. कन्या मनोरमेला काय शिकवावे, यावरूनही खटके उडाले.

१४/ परदेशात, आश्रयदात्यांच्या घरी, लहान मुलीसह राहणारी ती विधवा. गप्प राहणे किती सोयीचे होते! त्यांच्या आक्षेपाला उद्धटपणा आणि अहंकार ठरवले गेले. आणि इकडे पुण्यात काहींनी त्यांना ‘इंग्रजांच्या हातचे बाहुले’ ठरवले. बाहुले आपल्या पोशिंद्यांशी त्यांच्याच धर्माच्या गाभ्यावरून वाद घालते काय? पुढे रमाबाई ख्रिस्तनिष्ठेत दृढ झाल्या, पण दटावणीने नव्हे. संपूर्ण बायबल मराठीत आणण्यासाठी त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकण्याचे कष्ट घेतले आणि १९२२ मध्ये मृत्यू येईपर्यंत ते काम चालवले.

१५/ चिंचवड-पिंपरीत कारखान्यांबरोबर देशभरातून माणसे आली. त्यांत ख्रिस्ती कुटुंबेही आली. एकाच सोसायटीत मोरयाची आरती होते आणि नाताळचा तारा लागतो. अशा गावात शेजाऱ्याच्या श्रद्धेविषयी खोटे वाक्य पुढे ढकलणे ही केवळ इतिहासाची चूक उरत नाही. त्रैक्य पटत नसेल तर खुशाल नाकारावे. ज्यू आणि मुस्लिम विचारवंतांनी शतकानुशतके तगड्या युक्तिवादांनी ते नाकारले आहे. पण नाकारताना ते त्रैक्यच असावे, आपण बनवलेले बुजगावणे नसावे. आणि मानणाऱ्यांनी प्रश्न विचारणाऱ्याला गप्प बसवू नये. वाँटेजला ते जमले नाही, चिंचवडलाही जमणार नाही.

धागा समाप्त. आक्षेप असल्यास युक्तिवादासह खाली लिहावेत.