टाकीला खत घालण्यापूर्वी

विद्यार्थी मित्रहो, प्रकाशसंश्लेषणाचा एक प्रयोग तुम्ही शाळेत नक्की पाहिला असेल. चंचुपात्रात हायड्रिलाच्या फांद्या, त्यांवर पालथे नरसाळे आणि नरसाळ्यावर पाण्याने भरलेली परीक्षानळी. पात्र उन्हात ठेवले की बुडबुडे वर येऊ लागतात. गुरुजी पाण्यात चिमूटभर खाण्याचा सोडा टाकायला सांगतात आणि बुडबुडे वाढतात. हा सोडा कशासाठी, असे कधी विचारले आहे का?

सोडा म्हणजे सोडियम बायकार्बोनेट. त्यातून वनस्पतीला कार्बन मिळतो. म्हणजे पाणवनस्पतीला कार्बनची चणचण असते, हे त्या चिमटीतच सांगितलेले आहे. याच चणचणीवर उपाय म्हणून लहान मत्स्यालयांसाठी द्रवखतांच्या बाटल्या आणि कार्बन डायऑक्साइडची नळकांडी बाजारात मिळतात. पुष्कळ मुले मला विचारतात, "सर, आणू का?" माझे मत स्पष्ट आहे. आणा, पण सर्वांत शेवटी. आणि आणण्यापूर्वी थोडे गणित करा.

हवेतील कार्बन डायऑक्साइडशी समतोल साधलेल्या १ लिटर पाण्यात, २५ अंश सेल्सिअसला, हा वायू जेमतेम ०.६ मिलिग्रॅम विरघळलेला असतो. त्याच पाण्यात ऑक्सिजन मात्र सुमारे ८ मिलिग्रॅम असतो. शिवाय हा वायू पाण्यात हवेपेक्षा सुमारे दहा हजार पटींनी सावकाश पसरतो. त्यामुळे पानाजवळचा साठा संपला की नवा पोचायला वेळ लागतो. तेव्हा वायू सोडणारे लोक चुकीचे नाहीत. त्यांच्या टाक्यांत झाडे खरोखरच जोमाने वाढतात.

मग घाई का नको? पहिले कारण प्रकाशाचे. एकोणिसाव्या शतकात जर्मन शास्त्रज्ञ लीबिग यांनी एक नियम प्रसिद्धीस आणला: पिकाची वाढ सर्वांत कमी पडणाऱ्या घटकावर ठरते. पिंपाची एक फळी आखूड असेल तर पाणी तिथपर्यंतच भरते, बाकीच्या फळ्या कितीही उंच करा. अंधाऱ्या कोपऱ्यातल्या टाकीत खत आणि वायू ओतून झाडाला फारसा उपयोग नाही. उरलेल्या खतावर शेवाळ मात्र पोसते.

दुसरे कारण मी स्वतः अनुभवले आहे. २०१९ च्या एप्रिलात शहाडच्या आमच्या घरी ४० लिटर पाण्याची टाकी होती. साखर आणि यीस्ट बाटलीत घालून त्यातला वायू नळीने टाकीत सोडण्याची युक्ती मी केली. रात्री उकाडा वाढला, यीस्टने जोर धरला. रात्री झाडे वायू घेत नाहीत, उलट श्वसनातून सोडतात. हवेचा पंप आवाज करतो म्हणून मीच बंद केला होता. सकाळी मासे पृष्ठभागावर तोंडे उघडून धापा टाकत होते. तीन मेले. भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या माणसाने साधा गुणाकार केला नव्हता, याची लाज आजही वाटते.

तो गुणाकार असा. १०० ग्रॅम साखर पूर्ण आंबली तर सुमारे ५० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड तयार होतो. हौशी लोक लिटरला फार तर ३० मिलिग्रॅम इतके प्रमाण ठेवतात. म्हणजे ४० लिटरला अवघा १.२ ग्रॅम! माझ्या बाटलीत त्याच्या चाळीसपट ऐवज होता. त्यातला बराचसा हवेत निघून जातो हे खरे. पण लहान टाकीत चुकीला जागा फार थोडी असते.

येथे एक गैरसमज दूर करू. कार्बन डायऑक्साइड पाण्यातला ऑक्सिजन ढकलून बाहेर काढत नाही. प्रत्येक वायू आपापल्या आंशिक दाबानुसार विरघळतो. मासा कल्ल्यांतून कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकतो तो रक्त आणि पाणी यांतील फरकाच्या जोरावर. पाण्यातच तो वायू भरपूर असला की फरक कमी होतो, रक्त आम्लधर्मी होते आणि ऑक्सिजन उचलण्याची त्याची शक्ती घटते.

म्हणून क्रम असा ठेवा. आधी प्रकाश, मग सावकाश वाढणारी झाडे. माशांच्या विष्ठेतून नत्र आणि स्फुरद मिळतातच. पाने पिवळी पडली तरच मत्स्यालयाचे खत थोडे थोडे द्या. कुंडीचा युरिया कधीही नको. त्यापासून अमोनिया होतो आणि तो माशांना विषारी असतो.

आता टाकीवरून नजर उचलून उल्हास नदीकडे पाहा. अलीकडच्या वर्षांत पावसाळ्यापूर्वी शहाड-मोहने भागात नदीवर जलपर्णी पसरलेली दिसते. मूळची ती दक्षिण अमेरिकेतली. सुंदर फुलांसाठी माणसानेच तिला जगभर नेले. तिची पाने पाण्याबाहेर असतात. कार्बन ती थेट हवेतून घेते, ऊन तर भरपूर आहेच. पिंपाच्या दोन फळ्या आधीच उंच. आखूड राहिली असती ती नत्र-स्फुरदाची, आणि ती आपण सांडपाणी सोडून उंच करतो. मग ती पाणी झाकते, खालच्या झाडांचा प्रकाश तोडते आणि कुजताना ऑक्सिजन खाते. ज्या नदीचे पाणी आपण पितो तिलाच आपण न मोजता खत घालत आहोत. जलपर्णी काढायलाच हवी. पण सांडपाणी शुद्ध न करता ती नुसती उपसणे म्हणजे शेवाळ पुसून पुन्हा खत ओतण्यासारखे आहे.

शिक्षकांना माझी विनंती आहे. प्रयोगशाळेत सारख्या पाण्याच्या आणि सारख्या हायड्रिलाच्या चार बरण्या ठेवा. एक तशीच, एकीत सोडा, एकीत किंचित खत, एक सावलीत. मासे नकोत. मुलांना रोज बुडबुडे मोजू द्या आणि पाण्याचा रंग नोंदवू द्या. प्रयोग संपला की झाडे नाल्यात किंवा नदीत टाकू नका. उन्हात पूर्ण वाळवून कुंडीत मिसळा.

मित्रहो, टाकी तुमची आहे, तिच्यातली चूक एका रात्रीत कळते. नदीतली चूक कळायला वर्षे लागतात. म्हणून मोजण्याची सवय टाकीपासूनच लावा.